शालिकभाऊंची मागची काच

दुकानासमोर गाडी येऊन उभी राहिली की शालिकभाऊ आधी तिच्या मागच्या काचेचा वास घेत. गाडीवाल्याशी बोलणं नंतर. कमरेत वाकायचं, नाक काचेपासून दोन बोटांवर आणायचं, डोळे मिटायचे आणि एकदाच लांब श्वास घ्यायचा. मग मान वर करून ते सांगत, "रॉकेल." किंवा, "टूथपेस्ट घासली हाये. लवंगवाली." गाडीवाला आधी नाही म्हणायचा आणि मग हसून कबूल करायचा. एकदा एका हॉटेलमालकाने काचेला खोबरेल तेल लावून गाडी आणली होती. शालिकभाऊ वास घेऊन सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे डोक्याले लावा. निदान केस तरी राहतीन." हॉटेलमालकाला पूर्ण टक्कल होतं. शिवणयंत्रावर बसलेल्या सुमनबाई, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या.

काच म्हणजे खरी काच नव्हे. ज्या गाड्यांचं छत कापडाचं असतं आणि मागे दुमडून ठेवता येतं, त्या छताच्या मागच्या बाजूला मऊ, पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवलेली असते. खरी काच असती तर छत दुमडलं नसतं. हे प्लास्टिक ऊन, धूळ आणि चुकीच्या हातांमुळे काही वर्षांत गढूळ होतं. आधी धुकं धरल्यासारखं दिसतं, मग पिवळट होतं, आणि शेवटी आरशात पाहिलं तर मागून येणारा ट्रकसुद्धा नुसता काळा डाग सरकल्यासारखा दिसतो. बाकीचे कारागीर ती खिडकी कापून नवी शिवून देत. शालिकभाऊ जुनीच साफ करून देत. कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका कडुनिंबाखाली त्यांचं दुकान होतं. पोट भरायचं ते ऑटोच्या हूडांवर आणि जीपच्या सीटांवर. पण शहरात जुन्या, उघड्या छताच्या गाड्या हौसेने बाळगणारे जे पाच-सहा लोक होते, ते सगळे काचेसाठी त्यांच्याकडेच येत, आणि शालिकभाऊंच्या लेखी ते खरं काम होतं.

त्या खिडकीला कोणी पन्नी म्हटलेलं त्यांना चालत नसे. आमच्याकडे प्लास्टिकच्या कुठल्याही कागदाला पन्नीच म्हणतात, त्यामुळे येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. "पन्नी किरान्याच्या दुकानात भेटते," ते म्हणत. "हे काच हाये. याच्यातून पाहाचं असते."

मी रामदासपेठेतल्या एका हाडांच्या दवाखान्यात व्यवस्थापक आहे. दवाखान्याचे मालक असलेले डॉक्टर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक परदेशी गाडी आहे. दोन दरवाजे, गर्द हिरवा रंग, बदामी कापडाचं छत. ती सांभाळण्याचं काम, पगारात कुठेही लिहिलेलं नसताना, माझ्याकडे आलं. त्यामुळे शालिकभाऊंकडे जाणं-येणं माझं असायचं. गाडी सोडून यायची आणि आणायला जायची, एवढंच माझं काम. पण मी तिथे थांबायचो. कोणी मन लावून काम करत असलं की मला उठवत नाही.

ते दुपारी काचेला हात लावत नसत. उन्हाळ्यात तर सकाळी सात ते दहा, बस. तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि घासलं की ओरखडा खोल जातो, असं त्यांचं म्हणणं. हिवाळ्यात उलटं. थंडीत कडक झालेली काच दुमडली तर तडकते, म्हणून ते आधी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तिच्यावर पसरून ठेवत आणि बाजूला बसून चहा पीत. "उठू द्या तिले," म्हणत. मग साबणाच्या पाण्याने धुणं. मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर. आधी थोडा जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, इतका की शेवटचा हाताला कागद वाटतच नसे. या सगळ्यात काच आधीपेक्षा जास्त पांढरी होते, आणि नवा गाडीवाला या वेळेला घाबरतो. मी पहिल्यांदा घाबरलो होतो. "अहो, होती त्यापेक्षा वाईट दिसते आहे!" मी म्हणालो. सुमनबाई यंत्रावरूनच म्हणाल्या, "आत्ता नोका बोलू त्याहिच्याशी. त्याहिले ऐकू नाही येत." आणि खरंच त्यांनी मान वर केली नाही. मग पॉलिश आणि सुती कपडा, आणि तास-दीड तासाने त्या पांढऱ्यातून समोरच्या कडुनिंबाची पानं एकेक करून दिसायला लागली.

हात मात्र कायम सरळ रेषेत. आधी आडवा, मग उभा, पुन्हा आडवा. गोल कधीच नाही. मी एकदा विचारलं तर त्यांनी दुकानातली एक स्टीलची ताटली उचलून उन्हात धरली. तारेच्या घासणीने गोल गोल घासून ती चमकत होती, पण त्या चमकेत बारीक वेटोळी दिसत होती. "गोल घासलं का उजेड तिथंच फिरत बसते. सरळ घासलं का निघून जाते," ते म्हणाले. मग ताटली खाली ठेवून, "बाईनं घासली हाये. सांगा तिले, पन मी सांगतलं म्हनून नोका सांगू."

"ऐकू आलं मले," सुमनबाई म्हणाल्या. "उद्यापासून तुमची ताटली तुमीच घासत जा. सरळ."

काम झाल्यावर एक परीक्षा असायची. मालकाने चालकाच्या जागेवर बसायचं, छत लावलेलं, आणि समोरच्या आरशात पाहायचं. शालिकभाऊ गाडीच्या मागे वीस पावलं चालत जात आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी उभे राहून बोटं वर करत. किती बोटं ते आरशात पाहून सांगायचं. तीनदा बरोबर आलं तर गाडी न्यायची. एक मोठे जमीनदार होते, त्यांना हे पोरकट वाटायचं. ते गाडीत बसले आणि शालिकभाऊ बुंध्यापाशी पोचायच्या आधीच ओरडले, "तीन!" शालिकभाऊंनी वळून मूठ दाखवली. बंद मूठ. "साहेब," ते तिथूनच म्हणाले, "आरशात पाहा. मनात नोका पाहू." पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि जमीनदारांनी निमूट तिन्ही आकडे सांगितले.

जे होणार नाही ते होणार नाही, हेही ते तसंच सांगत. कोणा पुढाऱ्याच्या मुलाची जीप आली. मागची काच तपकिरी पडून मधोमध चिरली होती. त्याला संध्याकाळी मिरवणुकीत न्यायची होती. त्याने खूप समजावलं, शेवटी दम दिला. शालिकभाऊंनी काचेवर बोट ठेवून सांगितलं, "हे मेलेलं हाये. मेलेल्याले पॉलिश लावून मी नाही बसत. नवी शिवून देतो, चार वाजता या." ती चार वाजता तयार होती. तो मुलगा नंतर कायमचा गिऱ्हाईक झाला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो पुन्हा कधी आला नाही.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. सुमनबाईंचा चष्मा कायम धुरकट. एकदा मी म्हटलं, शहराच्या काचा साफ करणाऱ्याच्या घरी हे काय? त्या म्हणाल्या, "सहा महिने झाले सांगून राहिली. म्हनते, वेळ भेटला का करतो. गाडी असती मी तर लवकर झालं असतं." शालिकभाऊ सुई ओवत होते. "काहून वं, तुले यंत्राची सुई दिसते ना?" "दिसते." "माहं तोंड दिसते?" "थोडं थोडं." "मंग बरं हाये ना. तेवढंच पाह्य."

एवढं लिहिलं आणि इथवर मजेत आलो. आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं लिहायला बसलो.

आठ वर्षांपूर्वी जानेवारीत जुन्या गाड्यांचा एक मेळावा होता. डॉक्टरांची गाडी त्यात पहिल्यांदाच जाणार होती. मागची काच फार खराब झालेली. नवी बसवायला डॉक्टर तयार नव्हते, वडिलांच्या वेळची आहे म्हणून. शालिकभाऊंनी चार दिवस घेतले. चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मी गाडी आणायला गेलो तेव्हा मला त्या जागी प्लास्टिक आहे हेच आधी कळलं नाही. हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं.

"तीन दिवस हात नोको. पाणी सोडून काही लावू नोका. धूळ बसली तर बसू द्या, कबुतर बसलं तर बसू द्या. नुसतं पाणी ओता. आत्ता ते कच्चं हाये."

मी हो म्हणालो. रविवारी सकाळी सातला दवाखान्याच्या पोर्चमध्ये पाहतो तर काचेवर कबुतराने घाण केलेली. ओली नव्हती, वाळली होती. मी पाणी ओतलं. निघाली नाही, डाग राहिला. साडेआठला डॉक्टर खाली येणार होते. मी वीस वर्षं दवाखान्यात काढलेला माणूस. आमच्याकडे काहीही साफ करायचं असलं, टेबल, ट्रे, टेलिफोन, की हात आपोआप एकाच बाटलीकडे जातो. मी ड्रेसिंगच्या खोलीतून कापूस आणि स्पिरिट आणलं. डाग लगेच गेला. मग तेवढाच भाग जास्त चकचकीत दिसू लागला म्हणून मी पूर्ण काच पुसली. वाईट काही केलं असं वाटलंही नाही. उलट बरं वाटलं.

मेळाव्याच्या मैदानावर ऊन चढलं तशी काच बदलत गेली. आधी वाफ धरल्यासारखी, आणि दहा वाजेपर्यंत दुधाचा हात फिरवल्यासारखी पांढरी. डॉक्टरांचे मित्र, म्हणजे तेच पाच-सहा हौशी लोक, गाडीभोवती जमले होते. त्यातले एक हसून म्हणाले, "डॉक्टर, गाडीला मोतीबिंदू झाला का?" डॉक्टरांनी मागे येऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मोहोड, याला काही लावलं होतं का?"

"नाही सर," मी म्हणालो. "त्यांनी काल दिली तशीच आहे."

हे वाक्य मी शांतपणे बोललो. त्यासाठी मला काही ठरवावं लागलं नाही, हेच मला पुढे जास्त टोचत राहिलं.

डॉक्टरांनी मलाच फोन करायला लावला. शालिकभाऊ अर्ध्या तासात सायकलवर आले. रविवार म्हणून धुतलेला पांढरा सदरा घातलेला. ते आधी वाकले आणि वास घेतला. मग काच तिरप्या उजेडात यावी म्हणून खाली उकिडवे बसले, आणि बराच वेळ तसेच बसून पाहत राहिले. उठले तेव्हा ते डॉक्टरांशी नाही, माझ्याशी बोलले.

"साहेब, याले काही लावलं का?"

"नाही."

"माह्या दुकानातून हे असं नव्हतं निघालं," ते डॉक्टरांना म्हणाले. "गाडी आनून द्या. पाहतो काही होते का."

डॉक्टर त्या दिवशी फार बोलले. वडिलांची आठवण होती, तुमच्यावर विश्वास टाकला होता, हात चालत नसेल तर काम घ्यायचं नाही, लोकांच्या वस्तूंचं वाटोळं करायचं नाही. मित्र सगळे ऐकत होते. एक जण म्हणाला, "वय झालं त्यांचं. आता दिसत नसेल." शालिकभाऊंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. डॉक्टरांचं संपल्यावर त्यांनी सायकल वळवली. मैदानाच्या फाटकापर्यंत ते ती हातात धरून चालत गेले. चढून बसले नाहीत.

पुढच्या महिन्यांत डॉक्टरांच्या काचेचं काम मुंबईच्या एका कारागिराला दिलं गेलं. बाकीच्या मित्रांच्या गाड्याही शालिकभाऊंकडे जायच्या बंद झाल्या. ते मित्र मला गाड्या कुठे पाठवायच्या हे विचारायचे, आणि मी दुसरे पत्ते द्यायचो. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. कॉटन मार्केटला काही काम निघालंच तर मागच्या बाजूने न जाता मोठ्या रस्त्याने जायचो.

एप्रिलमध्ये सुमनबाई दवाखान्यात आल्या. रिसेप्शनवरून मला फोन आला, एक बाई डॉक्टरांना भेटायचं म्हणते, पेशंट नाही. मी काचेतून पाहिलं. तोच धुरकट चष्मा. मांडीवर पिशवी घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या. मी सांगायला लावलं की डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. डॉक्टर शेजारच्या खोलीत डबा खात होते. अकरा ते दोन त्या बसल्या. दोनला उठून रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाल्या, "त्याहिले एवढंच सांगजो बाई, का आमच्या माणसानं आजवर कोनाची काच नाही बिघडवली." मुलीने निरोप मला दिला. मी तो पुढे दिला नाही.

शालिकभाऊंना आता दिसत नाही हे बोलणं ऑटोवाल्यांपर्यंतही पोचलं, आणि दुकान पावसाळ्यानंतर बंद झालं. ते मला विचारून नाही, ऐकून कळलं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आमच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरच्या मुलाचं लग्न सावनेरला होतं. परत येताना गावाबाहेर कोळशाचे ट्रक रांगेने उभे होते. भरलेल्या ट्रकवर ताडपत्री ओढून दोरांनी बांधल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून रस्त्याच्या कडेला तेच काम करणारे दोघं-चौघं बसलेले असतात. एका झोपडीवजा दुकानापुढे फाटकी ताडपत्री पसरून एक बाई मोठ्या सुईने शिवत होती. मी गाडी पुढे नेली, आणि अर्ध्या किलोमीटरवरून परत आणली.

शालिकभाऊ ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. कोळशाच्या भुकटीने हात कोपरापर्यंत काळे. मला पाहून ते उठले नाहीत, पण बसायला रिकामा डबा पुढे सरकवला.

"या मोहोडसाहेब. इकडं काहून?"

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी देते. चहा नाही देत मी तुमाले." आमच्याकडे पाणी वैऱ्यालाही देतात. चहा न देणं म्हणजे काय, ते कोणाला सांगावं लागत नाही. त्या पाणी देऊन पुन्हा शिवायला बसल्या.

मी सगळं सांगितलं. कबुतर, कापूस, स्पिरिट, मैदानावरचं ते एक वाक्य, बाकावरचे तीन तास. सांगताना मी खूप बोललो, बहुधा रडवेलाही झालो. शालिकभाऊ एका दोराचा सुटलेला पीळ पुन्हा घालत होते.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "वास उडाला होता. पन काचेवर गोल होते. मधातून सुरू आन बाहेर बाहेर जात. असं कोन पुसते? गाडीवाला नाही पुसत, मी नाही पुसत. सुई द्याच्या आंधी दंडावर असं पुसते. तुमच्या दवाखान्यातला हात होता तो."

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"मी इचारलं ना तुमाले. तुमी नाही म्हनले." त्यांनी दोराला गाठ मारली. "त्याच्यावर मी काय बोलू? डॉक्टरपुढं तुमी खरे का मी खरा?"

"मला माफ करा, शालिकभाऊ."

सुमनबाई मान वर न करता म्हणाल्या, "लय स्वस्तात पडलं गा तुमाले."

"मले काय सांगता?" शालिकभाऊ म्हणाले. आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मले तर माहीतच होतं. ज्याहिले माहीत नाही त्याहिले सांगा."

मी सोमवारी सांगेन म्हणालो. सांगायला मला तीन आठवडे लागले. नोकरीची काळजी होती असं म्हणता येईल, पण या वयात डॉक्टर मला काढणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ज्यांच्यासमोर विश्वासू म्हणून बसलो, त्यांचा चेहरा बदललेला पाहायचा नव्हता, एवढंच.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या खोलीत दार लावून उभ्यानेच सांगितलं. डॉक्टर चष्मा काढून ऐकत होते. चेहरा बदलला नाही. मी थांबल्यावर ते टेबलावरच्या कागदांकडे पाहत म्हणाले,

"मधून बाहेर. गोल."

"हो सर."

"गाडी घरी आल्यावर पाहिलं होतं मी. तिरप्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. चाळीस वर्षं मी हेच नर्सेसना शिकवलंय, मला कळणार नाही का?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तोपर्यंत मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. म्हटलं जाऊ दे. एका कारागिरासाठी पुन्हा सगळ्यांना फोन कुठे करायचे."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हलकं वाटलं, आपण एकटे नाही म्हणून. त्याचीही लाज इथे लिहून ठेवतो.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी एकेका मित्राला फोन केले. मी समोर बसलो होतो. दोघांना तो प्रसंग आठवत नव्हता. एक जण म्हणाले, आता त्याचं काय एवढं. जमीनदारांनी तेवढा शालिकभाऊंचा पत्ता लिहून घेतला. ते गेले की नाही, मला माहीत नाही. फोन संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "रविवारी सावनेरला जाऊ. तुम्ही गाडी चालवा. साधी गाडी घ्या."

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. चहाच्या टपरीशी दहा-बारा ड्रायव्हर आणि क्लीनर उभे होते. शालिकभाऊ एका भरलेल्या ट्रकच्या वर होते, कोळशावर ताडपत्री ओढत. खाली सुमनबाई दोर सोडत होत्या. ट्रकचं इंजिन चालूच होतं. डॉक्टर काठी टेकत ट्रकपर्यंत गेले आणि मान मागे करून वर पाहू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाकडे तसं मान वर करून बघताना पाहिलं नव्हतं.

"शालिकराम," ते म्हणाले, "त्या दिवशी तुमची चूक नव्हती."

वरून आवाज आला, "इंजन चालू हाये साहेब. ऐकू नाही येत."

डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "तुमची चूक नव्हती!"

"काय?"

टपरीवरची माणसं वळून पाहायला लागली. ट्रकचा ड्रायव्हर हातात ग्लास घेऊन पुढे आला, डॉक्टरांच्या काठीकडे आणि चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, आणि केबिनमध्ये हात घालून इंजिन बंद केलं. "बोलिए बाबूजी," तो म्हणाला.

एकदम शांत झालं. डॉक्टरांचा आवाज आधीच चढलेला होता, तो तसाच राहिला. "काच माझ्या माणसाने खराब केली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुम्हाला चारचौघांत खोटं ठरवलं. तुमच्या हाताला मी नावं ठेवली. तुमचा हात बरोबर होता."

सुमनबाईंनी दोर हातातच धरून ठेवला होता. शालिकभाऊंनी वरूनच मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आन तुमी?"

"मी तर तुम्हाला मागेच..."

"मले सांगतलं," ते म्हणाले. त्यांनी टपरीकडे हात केला. "ह्याहिले कुठं सांगतलं?"

त्या दहा-बारा माणसांतला एकही मला ओळखत नव्हता, आणि त्यांच्यापैकी कोणाला त्या काचेशी काही देणंघेणं नव्हतं. तरी मी आधी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बाजूला सरकले. मी जिथे ते उभे होते तिथे जाऊन उभा राहिलो.

"स्पिरिट मी लावलं होतं," मी म्हणालो. "आणि विचारल्यावर नाही म्हणालो. दोनदा."

शालिकभाऊंनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून सुमनबाईंना म्हणाले, "सोड वं, थोडा ढिला सोड." दोर ढिला झाला. त्यांनी ताडपत्रीचं टोक पायाखाली धरलं, दोर खेचून शेवटची गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. ड्रायव्हरला हाताने खूण केली आणि ट्रकच्या पलीकडच्या बाजूने खाली उतरले, त्यामुळे ते आम्हाला दिसेनासे झाले. ट्रक धूळ उडवत निघून गेला, तेव्हा रस्त्यापलीकडे ते दुसऱ्या ट्रकच्या चाकावर पाय ठेवून वर चढत होते, आमच्याकडे पाठ करून.